दुसरी हाक

कंपनी विकली गेली तेव्हा मुनींच्या अंगावरची पहिली बदललेली गोष्ट होती टाय. निळा गेला, तपकिरी आला. विकली गेली असं मात्र म्हणायचं नाही, अशी सूचना सभागृहात मिळाली. दोन कंपन्या एकत्र आल्या, असं म्हणायचं. शेजारच्या खुर्चीतला बोक्या मुनींच्या कानाशी लागला. "मी बोका असून सांगतो, आम्ही आणि उंदीर असेच एकत्र येतो." मुनी हसले नाहीत. ते आतल्या आत हसत आणि ते एकट्या बोक्याला कळत असे.

मुनी हे अर्थात टोपणनाव, बोक्या हेही. माणूस कॅप्टन होता, विमानं उडवण्यात केस पिकलेले, निवृत्ती नजरेच्या टप्प्यात आलेली. फारसं बोलत नाहीत म्हणून कुणीतरी कधीतरी मुनी म्हटलं आणि ते असं चिकटलं, की पाकिटावरचं स्वतःचं खरं नाव वाचताना त्यांना क्षणभर वाटे, हा कोण? पण त्यांचं न बोलणं हा नुसता स्वभाव नव्हता. ते त्यांचं कामातलं शिक्षण होतं.

त्यांची धाकटी कंपनी बोटांवर मोजण्याइतक्या विमानांची. तिच्या पहिल्या मुख्य वैमानिकाला बडबडीचा तिटकारा होता आणि त्याने घालून दिलेला रिवाज तो गेल्यावरही चालू राहिला. कॉकपिटमध्ये शांतता म्हणजे सगळं ठीक. काही बिनसलं तरच बोलायचं. एकाने चूक दाखवली, दुसऱ्याने ऐकली, की हात असेल तिथूनच अंगठा जरासा वर करायचा आणि कामाला लागायचं. नवा माणूस आला की त्याला आधी गप्प बसायला शिकवत, उडवणं त्यानंतर. मुनी या विद्येतले पट्टीचे. त्यांच्या शेजारी बसून उडणारे सांगत, की मुनींचा अंगठा दिसला की झोपलेल्या घरात कुणीतरी जागं आहे असं वाटतं.

विकत घेणाऱ्या थोरल्या कंपनीत सगळं उलटं. तिथे शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं. दोघांतला एक विमान उडवणार, दुसरा त्याच्यावर नजर ठेवणार. वेग ढळला की नजर ठेवणाऱ्याने म्हणायचं, "स्पीड." उडवणाऱ्याने लगेच म्हणायचं, "करेक्टिंग." उत्तर आलं नाही तर दुसरी हाक द्यायची. दुसऱ्या हाकेलाही उत्तर नाही, तर शेजारचा माणूस बेशुद्ध आहे, किंवा त्याहून वाईट काही झालंय, असं धरून चालायचं, "आय हॅव कंट्रोल" म्हणायचं आणि विमान आपल्या हातात घ्यायचं.

नियम चांगला होता. मुनींना तो पहिल्या वाचनातच पटला. गोंधळ तिथूनच सुरू झाला, कारण न पटलेल्या गोष्टीशी निदान भांडता येतं.

सिम्युलेटर म्हणजे लोखंडी पायांवर उभी असलेली एक पांढरी खोली. आत खरं कॉकपिट, काचेपलीकडे खोटं आकाश. मुनी डाव्या खुर्चीत, कॅप्टनच्या. उजवीकडे थोरल्या कंपनीची सहवैमानिक, तिला तिच्याकडचे सगळे रेडिओ म्हणत, का ते पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. मागे परीक्षक, त्यांना दोन्ही कंपन्यांत मास्तर हेच नाव. खोटा वारा आडवा सुटला होता, धावपट्टी समोर डुलत होती, विमान मुनींच्या हातात होतं. वेग जरा उतरला.

"स्पीड," रेडिओ म्हणाली.

मुनींनी इंजिनांचा जोर वाढवला आणि अंगठा वर केला. वेगाचा काटा परत यायला वेळ घेतोच.

"स्पीड."

ऐकलं की, मुनी मनात म्हणाले. या पोरीला धीर म्हणून नाही. आणि पुन्हा अंगठा वर केला, या वेळी जरा ठसक्यात.

"आय हॅव कंट्रोल."

काय झालं हे कळायच्या आत त्यांनी हात सोडले होते. इतकी वर्षं विमानं उतरवलेले ते हात मांडीवर येऊन बसले, परक्या घरात पाहुणे बसतात तसे. रेडिओने विमान उतरवलं. नीट उतरवलं. मास्तरांनी यंत्र थांबवलं आणि काचेपलीकडचं आकाश होतं तिथे गोठलं.

"कॅप्टन, तुम्ही गेलात," मास्तर म्हणाले. आवाजात माया होती.

"कुठे?"

"पुस्तकाप्रमाणे गेलात. दोन हाका, उत्तर नाही. तिने बरोबर केलं."

"मी अंगठा दाखवला होता."

"अंगठा पुस्तकात नाही." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "एक संधी अजून आहे, पुढच्या आठवड्यात. त्यात असंच झालं तर डावी खुर्ची जाईल. उजवीकडे जागा असली तर उजवीकडे, नाहीतर घरी. मला हे बोलायला बरं वाटत नाही."

मुनींनी मान हलवली. मग काहीतरी आठवून म्हणाले, "हो." पण मास्तर तोवर जिना उतरत होते.

मुनींची बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या नाकावर जड लोखंडी चौकट ठेवून काचा बदलायची आणि विचारायची, आता बरं दिसतंय की आधी? घरी येईपर्यंत तिचे शब्द संपलेले असत, आणि मुनींनी तर वापरायलाच काढलेले नसत. त्यामुळे त्यांचा संसार फार छान चालला होता. तिने आतून हाक मारली आणि बाहेरून उत्तर आलं नाही, म्हणजे त्यांनी ऐकलंय, ते करताहेत. हाकेला त्यांनी ओ दिलेला एकच दिवस तिच्या लक्षात होता. त्या दिवशी सासरे गेल्याचा फोन आला होता.

"मी आज मेलो," मुनी हात धुताना म्हणाले.

"हं," ती म्हणाली. "मग जेवणार ना?" थाळी ठेवता ठेवता थांबली. "म्हणजे नापास?"

"जवळजवळ." त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या मानाने ते भाषणच झालं.

"त्या मुलीचं चुकलं?"

"नाही."

"मग तुमचं?"

मुनींनी थाळी जवळ ओढली. "माझंही नाही, असं वाटतं."

"काही गिऱ्हाइकं अशी येतात," ती म्हणाली. "काच बदलली की सांगतात, दोन्ही सारखंच. त्यांचा नंबर काढता काढता माझ्या डोक्याचा भुगा होतो."

प्रशिक्षण केंद्राच्या उपाहारगृहात त्या आठवड्यात दोन्ही रंगांचे टाय दिसत होते. धाकट्या कंपनीतल्या काहींना तपकिरी अजून मिळायचा होता. सिम्युलेटर एकच, माणसं दुप्पट. वेळापत्रक ठरवणारी खातीही दोन होती, ती एकत्र आली होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती.

"मला दोन वेळापत्रकं आली," बोक्या सांगत होता. "एकात लिहिलंय, गुरुवारी या, तुम्हाला नव्या पद्धती शिकवायच्या आहेत. दुसऱ्यात लिहिलंय, गुरुवारी या, तुम्हाला नव्या पद्धती शिकवायच्या आहेत, पण इतरांना. खोली तीच, वेळ तीच. मी ठरवलंय, आधी फळ्याजवळ उभं राहायचं, मग बाकावर बसून स्वतःला शंका विचारायच्या."

"उत्तर दे मात्र स्वतःला," पलीकडचा एक निळा टाय म्हणाला. "नाहीतर मुनींसारखा मरशील."

सगळे हसले. मुनीही हसले, आतल्या आत. तेवढ्यात रेडिओ चहाचा कप घेऊन टेबलाशी उभी राहिली.

"सर, बसू का? तुमची दुसरी परीक्षा माझ्याबरोबरच लागलीय. मीच मागून घेतली."

"का गं?"

"झोप लागली नाही नीट. जिवंत माणूस माझ्या हातून मेला."

"तू मनाला लावून घेऊ नकोस," बोक्या म्हणाला. "तो बऱ्याच वर्षांपूर्वीच गेलाय. आम्ही कुणाला कळू दिलं नाही इतकंच."

मुनींना काहीतरी बोलायचं होतं, की तुझं चुकलं नाही, की मागून घेतलीस हे बरं केलंस. पण इतक्या लोकांत कुठला शब्द आधी काढावा ते ठरेना, आणि सवयीने अंगठा वर झाला. रेडिओने तो या वेळी पाहिला.

"हाच का तो?" तिने विचारलं.

मागच्या बाजूच्या एका खोलीत भिंतीवर कागदी कॉकपिट होतं. प्रत्येक बटण, प्रत्येक काटा छापलेला, समोर दोन खुर्च्या. दोघं तिथे बसून सराव करू लागले. कागदाचं विमान कागदाच्या वाऱ्यातून उतरायचं. रेडिओ म्हणायची, "स्पीड," आणि मुनी घसा खाकरून म्हणायचे, "करेक्टिंग." पहिले दोन दिवस तो शब्द गंजलेल्या बिजागरीसारखा कुरकुरत यायचा. तिसऱ्या दिवशी सुटला, आणि असा सुटला की थांबेना. रस्त्यात सिग्नलपाशी बायको म्हणाली, "हिरवा झाला," तर मुनी म्हणाले, "करेक्टिंग." तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचा सगळा रस्ता ती खिडकीबाहेर बघत राहिली.

रेडिओला मात्र अंगठा शिकायचा होता. "तुम्ही आमचं शिकताय. मला तुमचं आलं पाहिजे. परत कधी तुमचा आवाज बसला, तर निदान मला कळेल तुम्ही आहात."

"पुस्तकात नाही ते."

"पुस्तकासाठी नाही शिकत."

मुनींनी शिकवलं. अंगठा फार वर न्यायचा नाही, तो दिमाख झाला. फार खालीही नाही. शेजाऱ्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात येईल इतकाच. मग भूमिका बदलून सराव सुरू झाला: ती उडवायची, मुनी हाक द्यायचे, ती अंगठा दाखवायची. मग पुन्हा पुस्तकाप्रमाणे. मग पुन्हा अंगठा. गप्प राहून उडवताना तिचा चेहरा वेगळाच दिसे, पाण्याखाली गेलेल्या माणसाचा असावा तसा. एकदा ती म्हणाली, "सर, इथे किती जागा आहे हो." मुनींना कळलं ती काय म्हणते आहे ते. इतकी वर्षं ते याच जागेत राहत आले होते आणि तिला जागा म्हणतात हे त्यांना सुचलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्यांनी कागदी विमान फार सुरेख उतरवलं. कोण काय म्हणालं, कोणी काय दाखवलं, मध्ये कुठे अडलं नाही.

"हे कोणाचं झालं, सर?" रेडिओने विचारलं. "आमचं की तुमचं?"

मुनींनी आठवून पाहिलं. "माहीत नाही."

दोघं हसले. मग दोघांच्याही लक्षात आलं की उद्या परीक्षा आहे, आणि हसू तसंच तोंडावर राहून गेलं.

परीक्षेच्या दिवशी आत जाण्याआधी मास्तरांनी रेडिओला खिडकीपाशी बाजूला घेतलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मुनींनी ते पाहिलं. त्यात नवल नव्हतं. परीक्षक दोघांतल्या एकाला कधीकधी सांगून ठेवतात: अमुक वेळी तू गप्प पड, बेशुद्ध झाल्याचं नाटक कर, शेजारचा काय करतो ते बघू. ही युक्ती साऱ्या वैमानिकांना ठाऊक असते, फक्त वेळ ठाऊक नसते.

"आधी ती उडवेल," मास्तर मागे बसत म्हणाले. "तुम्ही नजर ठेवा, कॅप्टन. मोठ्याने."

खोटी संध्याकाळ होती. धावपट्टीचे दिवे लांबवर लागले होते आणि वारा पुन्हा आडवा. रेडिओच्या हातात विमान छान चाललं होतं. मग वेग उतरला.

"स्पीड," मुनी म्हणाले. आवाज चांगला आला. त्यांना स्वतःचं बरं वाटलं.

उत्तर आलं नाही.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिची नजर समोर होती. तिने जोर वाढवला होता, आणि तिचा अंगठा वर झाला होता. फार वर नाही, फार खाली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात येईल इतकाच.

त्या इमारतीत तो अंगठा वाचू शकणारी माणसं आता थोडीच उरली होती आणि त्यांतला एक तिच्या शेजारी बसला होता. ती ठीक आहे, हे मुनींना कळलं, ऊन पडलंय हे कळतं तसं. पण मागे मास्तर होते. मास्तरांना अंगठा दिसत नव्हता, फक्त शांतता ऐकू येत होती. आणि खिडकीपाशी त्यांनी तिला काय सांगितलं होतं? नाटक करायला सांगितलं असेल तर हे नाटकच असेल. पण बेशुद्ध माणूस अंगठा दाखवत नाही. पण ही मुलगी नाटकातही मला धीर द्यायला दाखवेल. की ती विसरली, आज परीक्षा आहे, सराव नाही? काटा अजून परत आला नव्हता. तो वेळ घेतोच.

"स्पीड," मुनींनी दुसरी हाक दिली. त्या एका शब्दात त्यांनी विनवणी घालायचा प्रयत्न केला. त्या शब्दात तेवढी जागा नसते.

अंगठा पुन्हा वर झाला. तिच्या ओठाच्या कडेला अगदी बारीक हसू होतं, काम जमत असताना येतं तसं.

आता बोललो नाही तर खुर्ची गेली. मुनींना स्वच्छ दिसलं. बाकी काहीच स्वच्छ दिसत नव्हतं.

"आय हॅव कंट्रोल."

तिने वळून पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मुनींना सांगता आलं नसतं. आठवडाभरापूर्वी आपला चेहरा कसा दिसला असेल हे मात्र त्यांना त्या वेळी कळलं. तिचे हात मांडीवर येऊन बसले. मुनींनी विमान खाली आणलं. प्रत्येक गोष्ट मोठ्याने म्हटली. आपलाच आवाज त्यांना शेजारच्या खोलीतून येतोय असा वाटत होता. चाकं टेकली, आकाश गोठलं.

"उत्तम," मास्तर म्हणाले. "अगदी पुस्तकाप्रमाणे." मग रेडिओकडे वळले. "अगं, तुला शेवटच्या उतरणीला गप्प पड म्हटलं होतं. तू पहिल्याच उतरणीला पडलीस. पण असू दे, बरं केलंस नाटक. कॅप्टनना संशय आला नाही. तो भाग झाला, आता पुढचं घेऊ."

म्हणजे ते नाटक नव्हतं. मुनींनी तोंड उघडलं. हे सांगायला हवं होतं, की ती गप्प पडली नव्हती, तिने उत्तर दिलं होतं, आणि ते मला पोचलं होतं. थोरल्या कंपनीत सगळं मोठ्याने म्हणायचं असतं. पण म्हटलं तर तिचं काय होईल? परीक्षेत उत्तर दिलं नाही म्हणून तिच्यावर येईल. आणि आपलं काय होईल? या दोन प्रश्नांतला कुठला त्यांना आधी सुचला, हेही त्यांना ठरवता येईना. तेवढ्यात मांडीवरच्या तिच्या हाताचा अंगठा जरासा वर झाला.

ठीक आहे, असा त्याचा अर्थ. किंवा गप्प बसा, असा. धाकट्या कंपनीत हे दोन्ही एकच होतं.

मुनी गप्प बसले. उरलेली परीक्षा पार पडली आणि मास्तरांनी त्यांच्याशी हस्तांदोलन केलं.

बाहेर व्हरांड्यात यंत्रातून चहा घेताना मुनींनी विचारलं, "चुकून झालं ना?"

"चुकूनच, सर. हाताला लागलंय ते. तोंडाने म्हटलंय असंच मला वाटत होतं. दुसऱ्या वेळी तर मनात म्हटलं, किती वेळा सांगू यांना." ती कपात फुंकर घालत राहिली. "तुम्हाला दिसला होता ना अंगठा?"

"दिसला."

"मग विमान का घेतलंत?"

मुनींनी शब्द शोधले. शोधताना चहाचा कप एका हातातून दुसऱ्या हातात गेला. "पुस्तकाप्रमाणे."

"बरोबर केलंत," ती म्हणाली. मग न रागावता, हिशेब जुळत नाही असं सांगावं तशी म्हणाली, "पण मी तुमच्याकडून घेतलं तेव्हा मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तेच. काय म्हणायचं याला, मला कळत नाही."

"मलाही नाही."

ती हसली. "सर, आता तुम्ही प्रत्येक गोष्टीला उत्तर देताय." आणि कप ठेवून ती पुढच्या वर्गाला निघून गेली. जिन्यावर तिचा आवाज ऐकू येत राहिला, कुणाला तरी काहीतरी सांगत खाली उतरणारा.

मुनी घरी आले तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. त्यांनी बूट काढले, टाय सोडला, तो खुर्चीच्या पाठीवर टाकला. जुना निळा टाय तिथे आधीच होता, कधीचा.

"अहो," तिने आतून हाक मारली, "आलात का?"

"आलो," मुनी म्हणाले.

आत नळ बंद झाला. भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला आणि ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही. मी पास झालो."

"मग ओ का दिलीत?"

मुनींनी बूट कोपऱ्यात सरकवले. ती समोरच्या खुर्चीत बसली, छातीवर हात ठेवून, श्वास जागेवर येईपर्यंत. मग दुकानात एखाद्या अवघड गिऱ्हाइकाकडे बघावं तशी त्यांच्याकडे बघत राहिली.

"खुर्ची राहिली ना?"

"राहिली."

"मग चेहरा असा का?"

त्यांनी सांगितलं. अंगठा, दोन हाका, काटा, हसू. सांगता सांगता त्यांना वाटलं, आपण हे दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतोय. तिने सगळं ऐकून घेतलं. चूक की बरोबर हे तिने विचारलं नाही.

"ते तुमच्या कंपनीचं झालं," ती म्हणाली. "माझं काय? इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत की मी निर्धास्त असायचे. आता मी हाक मारली आणि तुम्ही बोललात, तर मी काय समजायचं? आणि नाही बोललात, तर काय समजायचं? तेवढं एकदा सांगून टाका, म्हणजे मी भाजी टाकायला मोकळी."

प्रश्न साधा होता. मुनी विचार करू लागले. बोललो तर सगळं ठीक, असं सांगावं? पण ती आत्ताच घाबरून बाहेर आली होती. न बोललो तर ठीक, असं सांगावं? पण उद्या, परवा, म्हातारपणी, एखाद्या दुपारी ते याच खुर्चीत खरंच गप्प झाले, तर ती आत भाजी परतत राहील, निर्धास्त. त्यांनी खुर्चीच्या पाठीवरच्या दोन टायांकडे पाहिलं. गुडघ्यावरचा हात पाहिला. अंगठा अर्धवट उचललेला होता आणि तो वर चालला होता की खाली, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

"अहो," ती म्हणाली.

खिडकीतून कुठल्याशा विमानाचा आवाज आला आणि गेला. मुनी अजून विचार करत होते.

"अहो," ती दुसऱ्यांदा म्हणाली.